कबुलीचे मोल



व्यसनावरच्या चित्रपटात काय असणार, हे प्रेक्षकाला बहुधा आधीच ठाऊक असते. भरलेला पेला, उद्ध्वस्त संसार आणि अखेरीस पश्चात्ताप. २०१२ साली प्रदर्शित झालेला ‘फ्लाइट’ हा अमेरिकी चित्रपट या चाकोरीतून जात नाही. दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस आणि पटकथाकार जॉन गॅटिन्स यांनी दारूपेक्षाही, दारू झाकण्यासाठी रचल्या जाणाऱ्या असत्याला कथेच्या केंद्रस्थानी ठेवले आहे. चित्रपट लहान मुलांसमवेत पाहण्याजोगा नाही; जाणत्यांनी मात्र त्यावर विचार करावा असा आहे.

व्हिप व्हिटेकर हा कसलेला वैमानिक. डेन्झेल वॉशिंग्टन यांनी ही भूमिका केली आहे. रात्रभर मद्यपान करून आणि कोकेनच्या आधाराने उभा राहून तो सकाळी ऑरलँडोहून अटलांटाला जाणारे विमान घेऊन निघतो. उड्डाणानंतरही तो चोरून व्होडका पितो. वाटेत विमानाची यंत्रणा निकामी होते आणि ते नाक खाली करून वेगाने कोसळू लागते. त्या प्रसंगी व्हिप विमान उलटे करतो, काही काळ तसेच उडवतो आणि पुन्हा सुलटे करून मोकळ्या रानात उतरवतो. १०२ जणांपैकी ९६ जण वाचतात. पुढे हाच प्रसंग दहा वैमानिकांकडून यंत्रावर करवून पाहिला जातो. एकालाही ते साधत नाही. अपघाताचे कारणही यांत्रिकच ठरते. शेपटीकडचा एक झिजलेला भाग तुटलेला असतो. ३१ जानेवारी २००० रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ अलास्का एअरलाइन्सचे विमान अशाच बिघाडामुळे समुद्रात कोसळले होते आणि त्यातील सर्व ८८ जण मृत्युमुखी पडले होते, याचे येथे स्मरण होते.

चित्रपटाचा खरा पेच येथून सुरू होतो. विमान दारूमुळे पडलेले नाही. उलट, याच माणसाच्या कौशल्याने ते वाचले आहे. मग त्याने आपली दारू कबूल कशासाठी करावी?

व्हिपला हे समर्थन आयतेच मिळते. अपघातानंतर तो घरातली सारी दारू ओतून देतो. हा निश्चय खोटा नसतो. पण तुरुंगाची शक्यता कानावर येताच तो पुन्हा बाटली जवळ करतो. कारण त्याने दारू फेकली, असत्य फेकले नाही. मैत्रीण त्याला व्यसनमुक्तीच्या सभेला नेते. उपस्थितांपैकी मद्यपी कोण, असे विचारले जाते, हात वर होऊ लागतात आणि तो उठून निघून जातो. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या चळवळीची पहिली पायरीच मुळी स्वतःच्या हतबलतेची कबुली ही आहे. ज्याला ती पायरी चढवत नाही, त्याला पुढच्या अकरा पायऱ्यांचा उपयोग नाही.

असत्य एकट्याने पेलत नाही. व्हिप बचावलेल्या हवाई सेविकेला, आपण त्या दिवशी शुद्धीत होतो असे सांगण्याची गळ घालतो. वकील रक्ततपासणीचा अहवाल रद्द करवून घेतो. जुना मित्र त्याला आश्रय देतो. ही माणसे दुष्ट नाहीत. त्यांना त्याला वाचवायचे आहे. चौकशीच्या आदल्या रात्री ते त्याच्यावर पहारा ठेवतात, तरीही तो पितो. सकाळी तो बेशुद्ध सापडतो आणि त्याला उभे करण्यासाठी हेच हितचिंतक कोकेन मागवतात! नीट उभे राहून खोटे बोलता यावे म्हणून व्यसनी माणसाला नशा देण्याची पाळी येते. आपल्या माणसाला पाठीशी घालणारे प्रेम कोठवर घसरते, हे याहून स्पष्ट कोणी काय दाखवावे?

चौकशीत विमानातल्या व्होडकाच्या रिकाम्या बाटल्यांचा विषय निघतो. प्रवाशांना त्या दिवशी मद्य दिलेच नव्हते. म्हणजे पिणारा कर्मचाऱ्यांपैकीच. कॅटेरिना ही हवाई सेविका एका मुलाला वाचवताना मरण पावली होती आणि तिच्या रक्तात मद्याचा अंश आढळला होता. तिनेच त्या बाटल्या संपवल्या असतील काय, असे व्हिपला विचारले जाते. एक शब्द उच्चारला की तो सुटणार आहे. मृत स्त्री काही खुलासा करायला येणार नाही. नेमक्या त्या क्षणी त्याची जीभ अडखळते. तो सांगतो, त्या बाटल्या आपण प्यालो आणि या क्षणीही आपण नशेत आहोत.

आपल्याकडे १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधील सुधाकराने मराठी मनाला पहिल्या प्याल्याचे भय शिकवले. व्हिपची कथा त्यापुढचा प्रश्न विचारते : शंभरावा प्याला झाल्यावर परतायचे कोठून? तिचे उत्तर आहे, पहिल्या खऱ्या वाक्यापासून. व्हिप तुरुंगात जातो, नोकरी आणि कीर्ती गमावतो. पण तेथेच तो व्यसनमुक्त होतो. दुरावलेला मुलगाही तेथेच त्याला भेटायला येतो आणि बाप म्हणून त्याला जाणून घेऊ पाहतो. दारूने वैमानिकाचे कसब हिरावले नव्हते. हिरावले होते ते हे नाते.

घराघरांतून हा विषय दबक्या आवाजात बोलला जातो. कार्यालयात ‘बरे नाही’ म्हणून कळवणारी पत्नी, शेजाऱ्यांपासून लपवणारी आई, पैसे भागवणारा भाऊ, या साऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. तरीही त्या माणसाला साथ द्यायची असेल, तर ती त्याच्या उपचाराला द्यावी, त्याच्या बहाण्याला नव्हे. चारचौघांत मान खाली जाईल, हे खरे. पण त्याच चारचौघांत मान वर करून जगण्याची वाटही तेथूनच जाते.