परसातले कास
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजवर या सभागृहात मी रांगोळ्या काढल्या, चहाचे कप फिरवले. ध्वनिक्षेपकापुढे उभी राहण्याची ही पहिलीच वेळ. तेव्हा काही चुकले तर घरच्या माणसाचे म्हणून सांभाळून घ्या. चिटणीसबाईंनी मला 'घरच्या घरी छायाचित्रण' असा विषय दिला आहे. पण मी काही छायाचित्रकार नव्हे. मुलाने नवा मोबाईल घेतला आणि त्याचा जुना माझ्याकडे आला, एवढेच माझे भांडवल.

२०२२ साली भाद्रपदात आपले मंडळ कासला गेले होते, ते तुम्हांला आठवत असेल. आपण सातारकर भाग्यवान. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जे पठार जागतिक वारसा यादीत गेले, ते आपल्यापासून अवघ्या २५ किलोमीटरांवर आहे. मी मात्र त्या सहलीला येऊ शकले नाही. आषाढातच सासूबाई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचे हाड मोडले आणि त्या अंथरुणाला खिळल्या. तुम्ही परत आल्यावर मला फोटो दाखवलेत. तेरड्याचा गुलाबी गालिचा, सीतेच्या आसवांची इवलीशी जांभळी फुले. मी तोंडाने 'छान, छान' म्हटले. खोटे कशाला बोलू, घरी आल्यावर मी रडले. औषधांच्या वेळा, अंथरूण आणि चूल, एवढ्यातच आता आपले दिवस जाणार, असे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचरा टाकायला मागच्या दारी गेले, तर कुंपणाच्या भिंतीशी तेरडाच उभा! दरसाल गौरीसाठी मी त्याचीच रोपे उपटून आणते. पण त्याच्याकडे फूल म्हणून कधी पाहिले नव्हते. हात पदराला पुसले आणि मोबाईल आणून फोटो काढला. तो अगदीच पुसट आला. मग फुलाच्या उंचीला उकिडवी बसले, श्वास रोखला आणि पुन्हा काढला. या वेळी दिसले की, फुलाच्या मागे शेपटीसारखी एक बारीक वाकडी नळी असते. चाळिशी उलटली तरी मला हे ठाऊक नव्हते!

तो फोटो सासूबाईंना दाखवला. पडल्यापासून त्या दिवसाकाठी चार शब्दही बोलत नसत. त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, "अगं, हा आपल्या परसातलाच ना? त्याचं पिकलेलं बोंड चिमटीत धर, मग बघ गंमत." मी जाऊन धरले, तर बोंड फटकन फुटले आणि बिया चहूकडे उडाल्या. मी दचकून ओरडले. खोलीतून सासूबाईंचे हसणे ऐकू आले. कितीतरी दिवसांनी!

तेव्हापासून आमचा नेमच झाला. सकाळी चहा ठेवण्याआधी मी परसात जाई आणि एक फोटो आणी. मी ज्याला सरसकट गवत म्हणत होते, त्याची नावे सासूबाई सांगत. आघाडा, माका, टाकळा, केना. केन्याची दोन निळ्या पाकळ्यांची फुले सकाळी उमलतात आणि ऊन चढले की मिटतात. तिसरी पाकळी इतकी लहान की, फोटो मोठा करूनच ती मला दिसली. "याच्या पानांची भजी करतात," असे त्यांनी सांगितले आणि त्या आठवड्यात आमच्याकडे केन्याची भजी झाली. आपल्या बोलण्यात 'तेरड्याचा रंग तीन दिवस' आहे. पण आमच्या घरी तो रंग पुष्कळ दिवस टिकला.

कढीलिंबावरच्या अळ्या पूर्वी मी चपलेखाली चिरडत असे. त्या वर्षी एक राहू दिली. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणजे कोणी तिला खाऊ नये. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. तिला काडी लावली तर डोक्यामागून तांबूस दुफाटी शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. पुढे तिने कोष केला, तो कमरेला रेशमी धागा बांधून फांदीला टेकलेला. मी रोज एक फोटो घेतला. अकराव्या दिवशी सकाळी कोषातून लिंबाचे पिवळेकाळे फुलपाखरू निघाले. त्याचे पंख ओल्या कागदासारखे चुरगळलेले होते. ते सुकून उडेपर्यंत दूध उतू गेले. पण त्या दिवशी मला कोणी बोलले नाही.

आता एक गोष्ट सांगते. ती सांगताना आजही लाज वाटते. २०२३ च्या वैशाखात आमच्या मधुमालतीच्या वेलात बुलबुलाने घरटे केले. आत दोन पिल्ले होती. पानांच्या आडोशामुळे फोटो नीट येईना. म्हणून मी तीन फांद्या सुतळीने बाजूला बांधल्या. फोटो फार सुंदर आला! उघड्या चोची, आतला लाल रंग, सारे स्पष्ट. सायंकाळी फांद्या सोडायच्या राहून गेल्या. दुसऱ्या दिवशी उजाडताच कावळ्याने पिल्ले नेली. ती दोघे नरमादी दिवसभर तारेवर बसून ओरडत होती. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "आडोसा त्यांनी उगीच शोधला नव्हता." तो फोटो मी पुसून टाकला. तेव्हापासून घरट्याचा फोटो काढीत नाही, आणि कोणी काढू लागले तर हात जोडून थांबवते. ज्याचे सौंदर्य आपण पाहायचे, त्यालाच आपल्या पाहण्याची किंमत मोजावी लागू नये.

तुमच्यापैकी पुष्कळजणी विचारतात, फोटो चांगला कसा काढावा? मला समजले ते सांगते. मोबाईलचे भिंग आधी मऊ सुती कापडाने पुसावे. आपल्या हातांना तेलतूप असतेच. सकाळचे कोवळे ऊन चांगले, भर दुपारचे नको. फूल जितके खाली, तितके आपणही खाली बसावे. फुलामागे सावलीतली भिंत आली तर फूल उठून दिसते. आणि फूल तोडून मनासारखे मांडू नये. ते जिथे आहे तिथेच त्याची शोभा आहे.

२०२४ च्या माघात सासूबाई गेल्या. मोबाईलमधले फोटो पुढेमागे जातीलही. पण त्यांनी सांगितलेली नावे मी एका वहीत उतरवून ठेवली आहेत, ती एकूण ६३ भरली. आमच्या परसाची लांबी वीस पावले. त्या वीस पावलांत ६३ नावे होती, आणि ती सांगणारे माणूस आतल्या खोलीत होते. दोहोंकडेही मी इतकी वर्षे पाहिले नव्हते.

म्हणून मंडळापुढे माझी एक विनंती आहे. येत्या हळदीकुंकवाला प्रत्येकीने आपल्या दारापासून शंभर पावलांच्या आतला एक फोटो आणावा. मग ते नळाजवळचे शेवाळ असो, जिन्याच्या फटीतले पिंपळाचे रोप असो, की कौलावरची चिमणी असो. तो घरातल्या किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या बाईला दाखवावा, तिला नाव विचारावे आणि ते मागे लिहावे. आपल्याकडे ज्या आज्या, मावश्या, काकू अजून आहेत, त्यांना विचारण्याची वेळ आजच आहे.

कासला मी पुढे जाऊन आले. फारच सुंदर आहे. पण तिथल्या तेरड्याला पाहून मी मनात म्हटले, तुझी ओळख मला परसातच झाली आहे.