दर्या कोणाचा?
(शेतकरी व कारागीर बंधूंच्या सभेंत केलेलें भाषण)



आपण काळ्या आईचीं लेंकरें. समुद्राच्या कायद्याशीं आपला काय संबंध, असें कोणी विचारील. परंतु श्रम एकाचे आणि फळ दुसऱ्याचें, हें दुखणें जसें नांगराचें आहे तसेंच जाळ्याचेंहि आहे. म्हणून आज आइसलंड नांवाच्या बेटाची हकीकत आपणांपुढें ठेवतों.

हें बेट उत्तर अटलांटिक महासागरांत आहे. थंडी फार, पीक थोडें. पोट भरावयाचें तें कॉड नांवाच्या मासळीवर. तेथें डेन्मार्कचें राज्य असतां १९०१ सालीं डेन्मार्क व इंग्लंड यांनीं करार केला, आणि किनाऱ्यापासून अवघे तीन मैल पाणी बेटाचें ठरलें. त्यापलीकडची मासळी इंग्रजांच्या मोठ्या बोटी भरभरून नेत. विहीर एकाच्या दारांत आणि मोट दुसऱ्याची, असा हा न्याय!

१९४४ सालीं बेटाचें प्रजासत्ताक झालें. मग त्यानें आपली हद्द १९५२ सालीं चार मैल, १९५८ सालीं बारा, १९७२ सालीं पन्नास आणि १९७५ सालीं दोनशें मैल केली. १९५२ सालीं इंग्रज बोटमालकांनीं त्यांच्या मासळीस आपलीं बंदरें बंद केलीं, तेव्हां ती मासळी रशियानें घेतली. पुढें इंग्लंडनें लढाऊ जहाजें धाडलीं. बेटाजवळ फौज नव्हती. थोड्या पहाऱ्याच्या बोटी होत्या. त्यांनीं इंग्रजांच्या जाळ्यांचे दोर कापले. १९७४ सालीं आंतरराष्ट्रीय कोर्टाचा निकालहि बेटाविरुद्ध गेला. तरी दोन लाखांवर थोडी वस्ती असलेलें तें राष्ट्र हटलें नाहीं. १९७६ सालीं त्यानें इंग्लंडशीं संबंध तोडले व नाटो हा लष्करी गोट सोडण्याची भाषा केली. त्याच वर्षीं जूनमध्यें इंग्लंडनें तडजोड केली. पुढें १९८२ सालीं, नऊ वर्षांच्या वाटाघाटींनंतर, किनाऱ्याच्या राष्ट्राला दोनशें सागरी मैलांपर्यंत मासळीचा हक्क देणारा करार जगांतील राष्ट्रांनीं मान्य केला. भारतानेंहि १९७६ सालींच तसा कायदा केला होता.

येथवर आनंद आहे. आतां पुढचें ऐका.

इंग्लंडांत हल व ग्रिम्सबी बंदरांतील खलाशांची रोजी गेली. बोटमालक सांवरले, खलाशी मात्र 'रोजंदारीचे' ठरले, आणि त्यांना भरपाई मिळावयास २००० साल उजाडलें.

आणि जिंकलेल्या बेटावर काय झालें? मासळी कमी होऊं लागली, म्हणून १९८४ सालीं सरकारनें प्रत्येक बोटीस हिस्सा ठरवून दिला. मागल्या तीन वर्षांत ज्या बोटीनें जितकी मासळी आणली, त्या मानानें हिस्सा. तो मिळाला बोटीच्या मालकास. जाळें ओढणारास कांहीं नाहीं. १९९० च्या कायद्यानें मासळी सर्व राष्ट्राची असें म्हटलें, आणि त्याच कायद्यानें हिस्से विकण्याची मोकळीक दिली! हिस्से थोड्या घरांत गोळा झाले. कोणी समुद्रावर न जातां हिस्सा भाड्यानें देऊं लागले. तिकडचे लोक त्यांना दर्याचे जहागीरदार म्हणतात. आमच्या कोकणानें हा प्राणी ओळखला असता: नांगर कुळाचा, धान्य खोताचें.

दोन कोळ्यांनीं मुद्दाम सांगून हिस्सा नसतां मासळी धरली. त्यांना शिक्षा झाली. ते संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क समितीकडे गेले. मूळ मालकांना कायमचा हक्क देणें न्यायाचें नाहीं, असें समितीनें २००७ सालीं सांगितलें. २००९ पासून उन्हाळ्यांत लहान होड्यांना हिश्शावांचून थोडी मासळी धरण्याची मुभा मिळाली. दोन माणसांच्या धिटाईनें एवढें तरी दार किलकिलें झालें.

बंधूंनो, परक्याला हद्दीबाहेर काढणें हें निम्मेंच काम आहे. आपल्या किनाऱ्यावर लहान कोळी मोठ्या पर्ससीन जाळ्यांविरुद्ध गाऱ्हाणें करीत आहेत. दोनशें मैलांच्या कायद्यानें त्यांची चूल आपोआप पेटली नाहीं. करारावर सही झाली म्हणजे ढोल जरूर वाजवा. परंतु दुसऱ्या दिवशीं वांटपाचा कागद मागा, मुलामुलींकडून तो वाचून घ्या, आणि त्यावर राबणाराचें नांव आहे कीं नाहीं तें पाहा. नसेल तर तें घातल्यावांचून स्वस्थ बसूं नका.