वर तारीख घाला

मघापासून चुळबुळणाऱ्या मुलामुलींनो,

सरांनी विषय कळवला होता, ‘थोरांच्या जयंत्या आणि आजचा विद्यार्थी’. चार उपदेशाचे शब्द सांगा, असंही म्हणाले. मुद्दे लिहून आणलेत. पण आत येताना जिन्याखालचा फळा दिसला आणि घोटाळा झाला. त्यावर दिनविशेष लिहायची आमची पाळी असे. खडू ओला केला की अक्षर ठळक उठतं, हा शोध आमच्या वर्गाचा! बाई फळ्यापाशी थांबायच्या. “ही तारीख कुणी सांगितली?” “कॅलेंडरात आहे, बाई.” “आणि कॅलेंडरवाल्याला कुणी सांगितली?” पोटात गोळा यायचा. मी पुढे मोडी कागदांच्या नादी लागलो, त्याचं मूळ तिथे.

माझं काम म्हणजे जुनी दप्तरं सोडायची, वाचायची, परत बांधायची. याहून जास्त सांगितलं तर तुम्ही झोपाल.

१९ फेब्रुवारीला तुम्ही शिवजयंतीची मिरवणूक काढता. ही तारीख तरी कुणी सांगितली? बखरींवरून महाराजांचा जन्म पूर्वी शके १५४९ च्या वैशाखातला, म्हणजे १६२७ चा मानत. मग भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरची शकावली, म्हणजे तिथीवार नोंदींची यादी, उजेडात आली. लोकमान्यांनी ती १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तीत तिथी निघाली फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. परमानंदाच्या शिवभारतातही तीच. तरी वाद पुढे कितीतरी वर्षं चालला. शिवाय १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या ज्युलियन गणनेची तारीख. आजच्या गणनेने १ मार्च येते. न्यूटनचंही तसंच, इंग्लंडात २५ डिसेंबर १६४२, आजच्या हिशेबाने ४ जानेवारी १६४३. मिरवणुकीत हे कुणाला सांगू नका, ढोलवाले मारतील.

त्या शकावलीत अलंकार नाहीत, जयजयकार नाही. सुरुवातच औरंगजेबाच्या जन्माने! तिथी आणि घडलं ते, बस्स. लिहिणाऱ्याने शत्रूचीही तिथी टिपली, म्हणून तर तिच्यावर भरवसा बसतो. तेव्हा माझं एकच मागणं. रोज एक ओळ लिहा. हाताने. वर तारीख घाला. ‘आज पाऊस, डबा सांडला’ एवढंही चालेल. सुविचार लिहू नका, घडलं ते लिहा. आणि तारीख? मागे बसलेल्यांनो, मोठ्याने... घाला! शाब्बास.

पहिल्या रांगेतले पालक, तुम्ही फोन वर धरून बसलात, तेव्हा तुम्हालाही सांगतो. फोटो हजार काढाल. पण घरातल्या आजीच्या लग्नाचं साल कुठे लिहून ठेवलंय का? आजच विचारा. ती हसेल, मग सांगेल.

आणि अध्यक्षसाहेब, शाळेच्या शताब्दीची तयारी चाललीय असं कानावर आलं. स्मरणिकेत माझा लेख नसला तरी चालेल. माळ्यावरची जुनी हजेरीपुस्तकं तेवढी रद्दीत घालू नका. जागा हवी असेल तर मला फोन करा, टेम्पोचं भाडं मी देतो.