भूलतज्ज्ञाची जागा रुग्णाच्या उशाशी

(जागतिक भूलदिनानिमित्त १६ ऑक्टोबर रोजी रुग्णालयाच्या सभागृहात विश्वस्त मंडळ, वैद्यकीय अधिकारी व परिचारिका वर्ग यांच्यासमोर ज्येष्ठ भूलतज्ज्ञांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



१८४६ साली आजच्याच तारखेला अमेरिकेत बोस्टन येथे विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथरची भूल यशस्वीपणे देऊन दाखविली. पुढे जेमतेम पाच महिन्यांत, २२ मार्च १८४७ रोजी, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात आपल्या देशातील पहिली ईथरची भूल दिली गेली. दरवर्षी या दिवशी मी एवढा इतिहास सांगतो, टाळ्या होतात आणि आपण चहाला उठतो. यंदा मात्र अध्यक्षांनी मला निक्षून सांगितले आहे की, गेल्या वर्षी आपल्या घरात जो वाद झाला त्यावरच बोला. वाद माझ्यामुळे वाढला, तेव्हा बोलणे माझ्यावरच येते.

घडले ते आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. संग्रामपूर तालुक्यातून रात्री दीडच्या सुमारास एक अडलेली बाळंतीण आपल्याकडे आली. स्त्रीरोगतज्ज्ञ हजर होत्या, रक्त होते, शल्यगृह तयार होते. भूल देणारा नव्हता. मी कौटुंबिक कार्यासाठी पुण्याला गेलो होतो आणि माझे सहकारी तापाने फणफणले होते. रुग्णवाहिका अकोल्याकडे निघाली. आई वाचली, बाळ वाचले नाही.

त्यानंतरच्या बैठकीत विश्वस्तांनी प्रस्ताव मांडला की, शल्यगृहात पंधरा-वीस वर्षे काढलेल्या आपल्या दोन सिस्टरांना शिकवून तयार करावे आणि अशा रात्री त्यांनीच पाठीच्या कण्यातून भूल द्यावी. मी विरोध केला. मी उठून ज्या स्वरात "हे चालणार नाही" म्हणालो, तो स्वर त्या प्रस्तावापेक्षा जास्त दिवस लक्षात राहिला. पुढचे काही दिवस शल्यगृहात कामापुरतेच शब्द बोलले जात होते. शेवटी अधिसेविका माझ्या खोलीत आल्या आणि त्यांनी विचारले, "सर, तुमचा विरोध कायद्यासाठी आहे की आमच्या लायकीला आहे?" त्या दिवशी मी उत्तर टाळले. आज देतो.

लायकीबद्दल आधी बोलू. परिचारिका भूल देऊ शकते की नाही, हा प्रश्न जगाने शंभर वर्षांपूर्वीच सोडविला आहे. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये ॲलिस मॅगॉ नावाच्या परिचारिका होत्या. त्यांनी १९०६ साली १४,००० हून अधिक भुलींचा आढावा प्रसिद्ध केला. भुलीमुळे झालेला एकही मृत्यू त्यात नव्हता. ईथर थेंबाथेंबाने सोडत त्या रुग्णाशी सतत बोलत राहत, त्याला धीर देत. आज आम्ही यंत्राच्या पडद्याकडे पाहतो आणि रुग्णाशी बोलायचे विसरतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले. तेथे १९३१ साली अशा परिचारिकांची स्वतंत्र संघटना झाली. १९३६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, शल्यचिकित्सकाच्या देखरेखीखाली परिचारिकेने भूल देणे म्हणजे बेकायदा वैद्यक व्यवसाय नव्हे. तो खटला डॉक्टरांनीच एका परिचारिकेवर भरला होता. २००१ साली तेथील केंद्र शासनाने राज्यांना डॉक्टरांच्या देखरेखीची अट सोडण्याची मुभा दिली, आणि भांडण पुन्हा पेटले ते अजून विझलेले नाही. २०२१ साली परिचारिकांच्या संघटनेने आपल्या नावातच भूलशास्त्र हा शब्द घेतला, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने त्याला जाहीर विरोध केला. शंभर वर्षे झाली तरी नावावरून भांडणे संपत नाहीत.

परंतु एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या देशातील भूल-परिचारिका आधी पदवीधर परिचारिका असते, नंतर अतिदक्षता विभागात अनुभव घेते आणि मग काही वर्षांचा पूर्ण वेळ अभ्यासक्रम करते. २०२२ पासून तर नवा प्रवेश डॉक्टरेटच्या पातळीवरच दिला जातो. आपल्या बैठकीत जो प्रस्ताव होता त्यात सहा आठवडे होते. मॅगॉबाईंचे नाव घेऊन सहा आठवड्यांचे समर्थन करणे हा त्यांच्यावरही अन्याय होईल.

कण्यात सुई घालणे हे पाच मिनिटांचे कसब आहे. माझ्या मते आपल्या सिस्टर ते महिन्याभरात शिकतील, काही जणी माझ्यापेक्षा सफाईने करतील. अवघड असते ते पुढचे. रक्तदाब एकदम कोसळतो, भूल वर चढून श्वास उथळ होतो, किंवा कण्यातील भूल लागतच नाही आणि पूर्ण बेशुद्ध करून श्वासनलिकेत नळी घालावी लागते. तीही गरोदर बाईच्या सुजलेल्या घशात. तेथे निर्णयाला दोन-तीन मिनिटे मिळतात. क्लोरोफॉर्मने झालेल्या मृत्यूची पहिली नोंद २८ जानेवारी १८४८ ची आहे. इंग्लंडमधील हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचे नख काढून घेण्यासाठी टेबलावर आली होती. क्लोरोफॉर्म वापरात येऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. शस्त्रक्रिया लहान असते, भूल लहान नसते, हे आमच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगितले जाते, ते याच मुलीमुळे.

आणि कायदा. आपल्या देशात स्वतंत्रपणे भूल देणाऱ्या परिचारिकेचा मान्यताप्राप्त संवर्ग नाही. काही मिशन रुग्णालयांनी पूर्वी गरजेपोटी परिचारिकांना हे काम शिकविले, आणि त्यांनी असंख्य जीव वाचविले हेही खरे. परंतु उद्या येथे अपघात झाला तर पोलीस ठाण्यात आणि ग्राहक न्यायालयात नाव सिस्टरांचे येईल. प्रस्तावावर सही करणारे आपण सर्व तेव्हा साक्षीदार असू. मला ते नको होते. माझा विरोध याला होता, आणि तो आजही कायम आहे.

आता दुसरी बाजू. ही सांगणे मला जड जाते.

तीस वर्षांपूर्वी मी घाटावर आणि घाटाखाली फिरत भूल देत असे. मोटारसायकलच्या पिशवीत औषधे आणि लॅरिंगोस्कोप घेऊन एका दिवसात तीन-तीन गावे करायची. पल्स ऑक्सिमीटर तेव्हा मोठ्या शहरात पाहायला मिळे. आमचे यंत्र म्हणजे नाडीवरची तीन बोटे. एका गावच्या खाजगी दवाखान्यात मी सिझेरियनसाठी कण्यातून भूल दिली. बाळ रडले, सगळे ठीक दिसले. पुढच्या गावी दुसरा रुग्ण टेबलावर वाट पाहत होता. मी सिस्टरांना "रक्तदाब बघत राहा" एवढे सांगून निघालो. तासाभराने परतलो तेव्हा रुग्ण शुद्धीवर होती, बोलत होती. मधल्या वेळात तिचा रक्तदाब हाताला लागेनासा झाला होता आणि श्वास मंदावला होता. सिस्टरांनी पाय उंचावले, सलाईन मोकळे सोडले, शल्यचिकित्सकांना विचारून इंजेक्शन दिले आणि अँबू बॅगने तिला श्वास देत राहिल्या. हे त्यांना कोणीही शिकविलेले नव्हते. कुठे तरी एकदा पाहिलेले होते.

त्या मला एवढेच म्हणाल्या, "सर, पुढच्या वेळी जाताना सांगून जा, असं झालं तर काय करायचं ते."

मी म्हणालो, "सिस्टर, ते तुमचं काम नाही."

त्यांनी उलट उत्तर दिले नाही. देता आले असते. नंतर कितीतरी व्यावसायिक सभांमध्ये मी "भूल भूलतज्ज्ञानेच द्यावी" या ठरावांना हात वर केला. त्या दुपारची गोष्ट मात्र कोठेही सांगितली नाही. आज प्रथमच सांगतो आहे.

आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २५,८६,२५८ आहे. दर लाख लोकांमागे किमान पाच भूलतज्ज्ञ असावेत, असे भूलतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाने सुचविले आहे. म्हणजे तेरा तालुक्यांत मिळून १२९ हवेत. आपण सगळे एकमेकांना नावाने ओळखतो, यावरूनच किती आहेत ते समजावे. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटना आणि हा महासंघ यांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या मानकांत म्हटले आहे की, शक्य तेथे भूल भूलतज्ज्ञाने द्यावी किंवा त्याच्या नेतृत्वाखाली, देखरेखीखाली दिली जावी. आमची मंडळी या वाक्यातील 'नेतृत्व' हा शब्द अभिमानाने वाचून दाखवितात. पण नेतृत्व करायला माणूस तेथे असावा लागतो!

केंद्र शासनाने या शतकाच्या सुरुवातीला एमबीबीएस डॉक्टरांसाठी प्रसूतीच्या आणीबाणीत भूल देण्याचे अठरा आठवड्यांचे प्रशिक्षण सुरू केले, तेव्हा आमच्यापैकी अनेकांनी नाके मुरडली, मीही मुरडली. आमची शंका अगदीच खोटी नव्हती. प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी कित्येकांनी पुढे भूल दिलीच नाही. कोणाची नेमणूक जेथे शल्यगृहच नाही अशा ठिकाणी झाली, कोणाजवळ यंत्र नव्हते, कोणाला एकट्याने हात घालण्याचा धीर नव्हता. पण त्यांना धीर द्यायला, अडचणीत फोन उचलायला आमच्यापैकी किती जण तयार होते? नुसते 'नको' म्हणणे सोपे होते. कोविडच्या दोन वर्षांत लोकांनी आम्हाला प्रथमच पाहिले, व्हेंटिलेटरवाले डॉक्टर म्हणून सत्कार केले. आणि त्या कक्षांत रात्रभर रुग्णाजवळ उभ्या राहिल्या त्या सिस्टर. शाली मात्र आमच्या खांद्यावर आल्या.

म्हणून अधिसेविकांना मी गेल्या वर्षाअखेर जे लिहून दिले, ते येथे सर्वांसमोर सांगतो. भूल सिस्टर देणार नाहीत. पण भूलतज्ज्ञ रुग्ण पूर्ण सावरेपर्यंत शल्यगृहाचे आवार सोडणार नाही, दुसऱ्या गावी कोणीही वाट पाहत असो. भूल सुरू करण्यापूर्वीची तपासणी सिस्टर मोठ्याने वाचतील आणि एक जरी उत्तर नकारार्थी आले तरी त्या शस्त्रक्रिया थांबवू शकतील. शल्यचिकित्सक कितीही घाईत असोत, मीही असो. श्वासमार्ग मोकळा ठेवणे, बॅगने श्वास देणे, रक्तदाब कोसळल्यावरचे पहिले पाच मिनिटांचे उपचार हे प्रत्येक सिस्टरला आणि शल्यगृहातील तंत्रज्ञाला मी स्वतः शिकवीन. दर गुरुवारी दुपारी हा वर्ग चालतो. पहिल्या वर्गाला चारच जणी आल्या होत्या, त्याही माझ्याकडे न पाहता बसल्या. आता जागा पुरत नाही. पुतळ्यावर सराव करताना मेट्रनबाई माझ्या चुका मोजतात, आणि त्या सांगताना संकोच करीत नाहीत.

राहिला रात्रीचा प्रश्न. शेजारच्या तालुक्यांतील तीन भूलतज्ज्ञ मित्रांना मी विनंती केली आणि आम्ही पाळीपत्रक केले. दोघे नियमाने येतात. तिसऱ्यांची प्रकृती साथ देत नाही. २०२४ साली बुलढाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेथे पुढे पदव्युत्तर विद्यार्थी तयार झाले तर आपला भार हलका होईल. त्याला वर्षे लागतील आणि बाळंतिणी तोवर थांबणार नाहीत. घाटावरून येणाऱ्या सहकाऱ्यांना पावसाळी रात्री परत पाठविणे बरे नव्हे, म्हणून शल्यगृहामागच्या जुन्या खोल्यांपैकी दोन खोल्या राहण्याजोग्या करून द्याव्यात, एवढी एकच मागणी विश्वस्तांपुढे ठेवतो. छत गळते, बाकी काही नाही.

नोव्हेंबरच्या पाळीपत्रकात चार रात्री अजून कोऱ्या आहेत. त्यांपैकी दोन मी घेतल्या आहेत. उरलेल्या दोन रात्रींचे पत्रक अधिसेविकांच्या टेबलावर ठेवले आहे, आणि चहापूर्वी माझे डॉक्टर मित्र तिकडून जाऊन यावेत अशी विनंती आहे.