आधी ताळा, मग काटकसर

गटाची वही मिटण्याआधी आपण बेरजेचा ताळा बघतो. तसाच ताळा टेलिफोनच्या तारेवर कसा चालायचा, ते आज आम्ही सांगणार आहोत. आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला गेलेली बाई खाते नंबर फोनवरूनच कळवते. त्यात एक आकडा चुकला, तर तिचे पैसे भलत्याच खात्यात जाऊ शकतात.

१५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमानं देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. ते साध्या टेलिफोनच्या तारेवरून यायचं. संगणकाची भाषा आवाजात आणि आवाज पुन्हा संगणकाच्या भाषेत बदलणारी पेटी म्हणजे मोडेम. पण तारेत खरखर असायची. आपण "काय म्हणालीस गं?" असं विचारतो, यंत्रानं कसं विचारायचं?

त्यासाठी व्ही ४२ ही पद्धत होती. मजकुराची छोटी गाठोडी करायची आणि प्रत्येकाबरोबर ताळ्याचा आकडा द्यायचा. पलीकडचा मोडेम ताळा करून बघे. जुळला नाही, तर पुन्हा मागवे. यात वेळ जात असेल, असं वाटतं ना? पण आधी प्रत्येक अक्षराच्या पुढेमागे एकेक खूण लावावी लागे, म्हणजे आठ बिटांच्या अक्षरासाठी दहा बिट पाठवावे लागत. गाठोडं बांधल्यावर त्या खुणा वाचल्या. म्हणून तार स्वच्छ असली की ताळा करूनही काम लवकर व्हायचं. तार खराब असली तर उशीर व्हायचा, पण मजकूर सहसा बिघडत नसे.

दुसरी युक्ती काटकसरीची. वहीत आपण "मासिक बचत" पुन्हा पुन्हा न लिहिता "मा. ब." लिहितो. मोडेमही वारंवार येणाऱ्या शब्दांना छोटी खूण देई. एमएनपी ५ या पद्धतीनं मजकूर फार तर निम्म्यावर येई, व्ही ४२ बिसनं चौथ्या हिश्शापर्यंत. आधीच आवळलेली फाइल मात्र आणखी लहान होत नसे. एमएनपी ५मध्ये ती उलट फुगायची. व्ही ४२ बिस ते ओळखून तिला आहे तशी पाठवी.

आता खरी गोम ऐका. खुणांची यादी दोन्ही टोकांना सारखी हवी. एक खूण चुकली की पुढचं सगळंच बिघडतं. म्हणून ताळ्याशिवाय व्ही ४२ बिस चालतच नसे. आधी ताळा, मग काटकसर.

आपल्या आधार नंबरातला बारावा आकडा असाच ताळ्याचा आहे. आधीच्या अकरांपैकी एखादा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, तर संगणक लगेच ओळखतो. पण खाते नंबराच्या बाबतीत त्या भरवशावर राहू नका. आणि व्हॉट्सअॅपवर पासबुकाचा फोटो बारकावे गाळून लहान केला जातो. त्यात तीनाचा आठ दिसू शकतो. मोडेमच्या काटकसरीत एकही अक्षर गळत नसे.

म्हणून पुढच्या बैठकीत एवढं ठरवा. फोनवर नंबर घेतला की एकेक आकडा उलट वाचून दाखवायचा आणि समोरची "बरोबर" म्हणाली की मगच लिहायचा. मोठी रक्कम पाठवण्याआधी एक रुपया पाठवून तिला मिळाला का, ते विचारायचं. दोन मिनिटं जास्त जातील, पण हप्ता योग्य हातात पडेल.