गावाचा निरोप



घराबाहेर पडताना आपल्याकडे कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. दाराशी उभी असलेली वडीलधारी माणसेही 'ये' असेच सांगतात. प्रवास दोन दिवसांचा असो वा दहा वर्षांचा, परतीची वाट मोकळी ठेवूनच निरोप घ्यावयाचा, असा हा रिवाज आहे. परंतु ज्या गावी पुन्हा वस्तीला येणेच नाही, त्याचा निरोप कसा घ्यावयाचा? गोव्यातील सांगे तालुक्याच्या कुर्डी गावापुढे हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला.

कुर्डी हे सुमारे ३००० वस्तीचे सुपीक गाव. भाताची शेते, माड, काजू, आंबा, फणस. देवळे, चॅपेल आणि मशीद. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यानंतर पाण्याची गरज वाढत चालली, आणि साळावली नदीवर धरण बांधण्याची योजना पुढे आली. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी स्वतः कुर्डीला येऊन ग्रामस्थांना योजना समजावून सांगितली. १९८० च्या दशकात सुमारे ६०० कुटुंबांनी गाव सोडले. वाडे आणि वालकिणी येथे त्यांना जमिनी देण्यात आल्या. दक्षिण गोव्याच्या घराघरांत आज जे पाणी पोहोचते, त्यामागे या कुटुंबांचा त्याग आहे, याचे स्मरण ठेवणे उचित होईल.

घर सोडताना मनुष्य नेमके काय सोडतो? भिंतींचे मोजमाप होते, माडांची मोजदाद होते, शेताचे क्षेत्रफळ सरकारी दप्तरात नोंदले जाते. परंतु पेरणीच्या वेळी न मागता बैलजोडी देणारा शेजारी, रात्री-अपरात्री हाकेला धावून येणारी सुईण, उत्सवात पिढ्यान् पिढ्या चालत आलेला घराण्याचा मान, विहिरीवर एकमेकींची सुखदुःखे जाणून घेणाऱ्या बायका, यांची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची? यांची भरपाई रोख रकमेने होत नाही. ज्याची भरपाई होत नाही, ते निदान तुटू नये, एवढी काळजी मात्र घेता येते.

कुर्डीतच याचा एक वस्तुपाठ आढळतो. तेथील कदंबकालीन दगडी महादेव मंदिर बुडू नये, म्हणून पुरातत्त्व खात्याने ते उलगडून धरणाच्या परिसरात पुन्हा उभारले. अशा कामात प्रत्येक दगडाला क्रमांक द्यावा लागतो. कारण कोणता दगड कोणत्या दगडाशेजारी होता, हे ठाऊक नसेल तर दगड सर्व पोहोचतात, परंतु देऊळ उभे राहत नाही. माणसांच्या वस्तीचेही तसेच आहे. कुटुंबे सर्व पोहोचली, पण शेजार विखुरला, तर वसाहत होते. गाव होत नाही.

भूसंपादन व पुनर्वसनाच्या २०१३ च्या कायद्यात नव्या वसाहतीसाठी रस्ते, पिण्याचे पाणी, शाळा, स्मशानभूमी, पूजास्थाने यांची तरतूद आहे. तिच्या जोडीला काही गोष्टी अधिकाऱ्यांना अल्प खर्चात करता येतील. भूखंड वाटताना जुन्या वाड्यातील शेजारी शक्यतो नव्या जागीही शेजारी ठेवावेत. जुन्या वाड्यांची नावे नव्या वस्तीला द्यावीत. आणि सामान वाहून नेणारे ट्रक दाराशी येण्यापूर्वी एक पूर्ण दिवस ग्रामस्थांना मोकळा मिळावा. त्या दिवशी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घालता यावे, कबरींवर फुले वाहता यावीत, रुसव्याफुगव्यांचा निपटारा करता यावा, उसने आणलेले भांडे परत देता यावे. घाईने घेतलेला निरोप मनात सलत राहतो.

शिक्षकांचे दायित्वही लहान नाही. शाळा सोडल्याचा दाखला मुलाच्या हाती देताना त्याच्या सोबत्यांनाही त्याचा निरोप घेऊ द्यावा. नव्या शाळेत दाखल होणाऱ्या मुलाला पहिल्याच आठवड्यात वर्गासमोर आपल्या गावाचे वर्णन करावयास सांगावे. मागे राहिलेल्या गावाविषयी ऐकणारे कोणी आहे, हे कळले की मूल नव्या जागी लवकर रुळते. ज्या गावात ही कुटुंबे येतात, तेथील ग्रामस्थांनी पहिल्या सणाला त्यांना आपल्या घरी बोलवावे. वाट पाहू नये.

गाव दूर नेण्याचे एक साधन नावातही असते. थोर गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म १९०४ साली याच गावी झाला. जयपूर-अत्रौली घराण्याचे गाणे त्यांनी मुंबईत राहून गाजविले, १९७४ साली पद्मभूषण मिळविले, आणि गावाचे नाव शेवटपर्यंत आपल्या नावापुढे बाळगले. गाव पाण्याखाली गेल्यावरही ते नाव रसिकांच्या ओठी राहिले.

उन्हाळ्यात धरणाचे पाणी ओसरते, तेव्हा कुर्डीच्या घरांचे पाये, जुने रस्ते आणि तुळशीवृंदावने उघडी पडतात. मे महिन्यात विखुरलेले ग्रामस्थ सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात; ख्रिस्ती बांधवही आपल्या चॅपेलच्या ठिकाणी प्रार्थनेस येतात. आजी नातवंडांना आपल्या घराचा उंबरठा कोठे होता, ते दाखविते. पावसाळा लागला की पाणी पुन्हा चढते, आणि मंडळी आपापल्या नव्या घरी शेतीच्या कामाला लागतात.

निघतेवेळी त्या मंडळींनी उच्चारलेला 'येतो' हा शब्द अशा रीतीने दरवर्षी पाळला जातो. उद्या कोणत्याही कारणाने, मग ते धरण असो, नोकरीतील बदली असो वा मुलांचे शिक्षण असो, एखादे कुटुंब गाव सोडू लागेल, तेव्हा त्याला हा शब्द उच्चारण्याइतकी सवड आणि पाळण्याइतकी वाट उपलब्ध करून देणे, हे शासनाचे, शाळेचे आणि शेजाऱ्यांचे समान कर्तव्य आहे.