कानांचे दडे



आमच्या गंगापूरकडे मुलें पोहावयास शिकतात तीं विहिरींत. तळाचा खडा वर आणण्याची पैज ठरलेली. मी शिक्षक असतां असाच एक विद्यार्थी खडा घेऊन वर आला तो कान दाबूनच. कानांतून थोडें रक्तही आलें होतें. मीं त्यास लसणाचें कोमट तेल कानांत घालण्यास सांगितलें. आठ दिवसांत कान वाहूं लागला. माझी ती चूक इतरांनीं करूं नये, म्हणून हें बोलणें.

कानाच्या पडद्यामागें हवेची एक लहानशी पोकळी असते. तेथून घशाच्या मागपर्यंत एक नळी जाते. गिळतांना वा जांभई देतांना ती उघडते आणि आंतबाहेरचा दाब सारखा होतो. दहा मीटर पाण्याखालीं दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट होतो. मग नळी न उघडल्यास पडदा आंत रेटला जातो, दुखतो, प्रसंगीं फाटतो. सर्दींत नळी सुजते, म्हणून तेव्हां बुडी मारूंच नये.

उंचावर दाब कमी होतो, म्हणून विमानांत तो यंत्रानें राखतात. २० सप्टेंबर २०१८ रोजीं मुंबईहून जयपुरास निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानांत ही व्यवस्था चालू करण्याचेंच राहून गेलें. सुमारें तीस प्रवाशांच्या नाकाकानांतून रक्त आलें व विमान मुंबईस परतलें.

घाटांत किंवा विमान उतरतांना दडे बसल्यास आवंढा गिळावा, खडीसाखर चघळावी, तान्ह्या मुलास पाजावें. नाक चिमटींत धरून, तोंड मिटून, अगदीं हलकेच फुंकावें. जोर करूं नये. पाण्यांत कान दुखूं लागतांच वर यावें.

रक्त आलें, ऐकूं येईनासें झालें वा घेरी आली, तर डॉक्टरांकडेच जावें. तोंवर कानांत तेल, पाणी, काडी कांहीं घालूं नये. नाक जोरानें शिंकरूं नये. कान कोरडा राखल्यास फाटलेला पडदा बहुधा कांहीं आठवड्यांत आपोआप भरून येतो.

तो विद्यार्थी आज संसारी गृहस्थ आहे. भेटीस आला म्हणजे तो माझ्या उजव्या हातास बसतो. उजव्या कानानें त्यास कमी ऐकूं येतें. तो कधीं बोलून दाखवीत नाहीं. मला मात्र दर वेळीं आठवतें.